छाप, तिकिटें व भातुकली

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चें नांव वसंतसेनेवरून पडलें नाहीं आणि चारुदत्तावरूनही पडलें नाहीं, तें पडलें एका लहान मुलाच्या खेळण्यावरून. दहा अंकांचें तें प्रकरण. त्यांत राज्यक्रांति आहे, घरफोडी आहे, न्यायसभा आहे. परंतु नांव द्यावयाची वेळ आली तेव्हां कवीला आठवली ती मातीची गाडी. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या श्रीमंताघरच्या सोन्याच्या गाडीशीं घटकाभर खेळला, आणि मग ज्याची गाडी त्यानें ती नेली. रदनिका दासीनें मातीची गाडी करून दिली. पण ती पोराच्या मनास येईना. तेव्हां वसंतसेनेनें अंगावरचे अलंकार उतरून त्या मातीच्या गाडींत भरले. वर्गांत ही कथा सांगतांना येथपर्यंत मुलें मोठीं खूष असत. पुढें नवव्या अंकांत तेच अलंकार विदूषकाच्या काखेंतून भर न्यायसभेंत गळून पडतात, चारुदत्ताच्या अपराधाचा पुरावा ठरतात, आणि त्या सज्जन बापास वधस्थानाकडे नेतात, हें ऐकलें म्हणजे वर्ग एकदम गप्प होई.

शाकुंतलांत ह्याच्या उलट प्रकार आहे. सातव्या अंकांत सिंहाच्या छाव्याशीं झोंबणाऱ्या सर्वदमनाचें मन दुसरीकडे वळवावें म्हणून तापसी एक रंगविलेला मातीचा मोर आणते. त्या पक्ष्याचें लावण्य वर्णन करतांना तिच्या तोंडून जीं अक्षरें निघतात त्यांत मुलाला आपल्या आईचें नांव ऐकूं येतें, आणि पलीकडे उभ्या असलेल्या दुष्यंताच्या मनांत आशेचा पहिला अंकुर फुटतो. मोर कवडीमोलाचा खरा. परंतु दुभंगलेलें कुटुंब सांधण्यास तो निमित्त झाला. आमच्या पूर्वजांनीं खेळण्याला हलकें लेखलें नव्हतें. वात्स्यायनानें दिलेल्या चौसष्ट कलांच्या यादींत मुलांचीं खेळणीं ही एक स्वतंत्र कला म्हणून गणली आहे, हें यादी अर्ध्यावर सोडणाऱ्या वाचकांच्या ध्यानांत येत नाहीं इतकेंच.

ह्या दोन गोष्टी आठवण्यास कारण झाली एक बातमी. २०२२ च्या ऑगस्ट महिन्यांत अमेरिकेंत मिकी मँटल नांवाच्या बेसबॉलपटूचें, १९५२ सालीं छापलेलें, तळहातांत मावेल एवढें एक पुठ्ठ्याचें चित्र एक कोटि सव्वीस लक्ष डॉलरांस विकलें गेलें. त्या वेळच्या भावानें हे सुमारें शंभर कोटि रुपये झाले. त्याच महिन्यांत होनस वॅगनर ह्या त्याहून जुन्या खेळाडूच्या चित्रास साडेबहात्तर लक्ष डॉलर आले. आमच्या नातवानें ही हकीकत कोठें तरी वाचली आणि तेव्हांपासून तो माझ्या माळ्यावरील पत्र्याच्या पेटीभोवतीं घिरट्या घालूं लागला. “आजोबा, ह्यांतलें काय विकलें जाईल?” हा त्याचा प्रश्न. त्या पेटींत काडेपेट्यांचे छाप आहेत, टपालाचीं तिकिटें आहेत, एक पत्र्याची आगबोट आहे, आणि एक भोंवरा आहे, ज्याची आर गंजली आहे. प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत देतां आलें असतें. पण तें न देतां मीं त्याला जें सांगितलें तेंच थोड्या विस्तारानें येथें लिहीत आहें.

अमेरिकेंतल्या त्या चित्रांचा जन्म तंबाखूच्या दुकानांत झाला. कागदी पाकिटांतील सिगारेटी चेंगरूं नयेत म्हणून आंत एक कडक पुठ्ठा घालीत. कोरा पुठ्ठा घालण्यापेक्षां त्यावर कांहीं छापावें, ही युक्ति गेल्याच्या गेल्या शतकाच्या अखेरीस कोणा चतुर व्यापाऱ्यास सुचली, आणि नट्या, जहाजें, पक्षी व खेळाडू यांचीं चित्रें विलायतेंत व अमेरिकेंत पाकिटापाकिटांतून निघूं लागलीं. बाप सिगारेट ओढी आणि मुलगा चित्र ठेवी. १९०९ ते १९११ ह्या काळांत निघालेल्या अशाच एका मालेंत वॅगनर होता. पण त्यानें आपलें चित्र वापरूं देण्यास हरकत घेतली, म्हणून त्याच्या प्रती फार थोड्या बाहेर पडल्या, आणि म्हणून ती आज दुर्मिळ. मँटलची गोष्ट तर याहून मौजेची. टॉप्स कंपनीच्या त्या मालेचा न खपलेला माल वखारींत पडून होता; तो १९६० च्या सुमारास नावेंतून नेऊन समुद्रांत बुडविला, असें त्या कंपनीच्याच अधिकाऱ्यानें पुढें सांगितलें. फुकटही कोणी घेईना म्हणून जें बुडविलें, त्याचाच एक भाऊबंद शंभर कोटींचा झाला. आतां तें चित्र पारदर्शक डबींत कायमचें बंद केलेलें असतें. त्यास बोट लावावयाचें नाहीं, तें दुसऱ्या मुलाशीं बदलावयाचें नाहीं, त्याचा कोपरा दुमडला तर लाखों डॉलर गेले. रोहसेनाच्या गाडींत सोनें भरलें तें असें.

आमच्यासारख्यांच्या घरांत सिगारेटचीं चित्रें येण्याचा संभव नव्हता. थोरल्या काकांना तपकिरीची संवय होती, पण तपकिरीबरोबर कोणी चित्र देत नसे. काडेपेटी मात्र सोंवळ्यांतल्या देवघरालाही लागे. तिच्या पाठीवरचा तो रंगीत कागद, ज्यास आम्ही ‘छाप’ म्हणत असूं, तोच आमचा खजिना. हिंदुस्थानांत पूर्वीं काडेपेट्या स्वीडन व जपान येथून येत. त्यांच्यावर वाघ, मोर, घोडेस्वार, कधीं देवदेवता असत. १९२२ सालीं शिवकाशीचे अय्या नाडार व षण्मुग नाडार हे दोघे भाऊबंद कलकत्त्यास जाऊन हा धंदा शिकून आले. १९२३ सालीं वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी निघाली व तिचा कारखाना अंबरनाथ येथें उभा राहिला. तेव्हांपासून देशी छापांचें युग सुरू झालें. शिवकाशीच्या लहान लहान कारखान्यांनीं तर छापांचा असा पाऊस पाडला कीं, संग्रह पुरा झाला असें म्हणण्याची सोय राहिली नाहीं. संग्राहकाला ह्याहून मोठें सुख कोणतें?

छाप काढण्याची एक रीत होती. ओढूं गेल्यास तो फाटे. म्हणून पेटी वाटीभर पाण्यांत ठेवावयाची, खळ सुटली कीं कागद अलगद उचलून कोनाड्याच्या गिलाव्यावर चिकटवावयाचा, आणि सुकला म्हणजे तो आपोआप गळून पडे. आमच्या वाड्यांत तेव्हां चोवीस माणसें, एक मोठी चूल, तीन स्टोव्ह आणि अकरा मुलें होतीं. रिकाम्या पेटीवर हक्क कोणाचा, ह्याविषयीं रोज तंटा होई. थोरल्या काकूंनीं निवाडा दिला कीं, पेटींतली शेवटची काडी जो ओढील त्याचा छाप. परिणाम असा झाला कीं, संध्याकाळीं देवाजवळ दिवा लावण्यास अकराही मुलें धांवूं लागलीं, आणि वाऱ्यानें दिवा विझण्याचें प्रमाणही वाढलें. काकूंनीं निवाडा फिरविला नाहीं. त्यांनीं पेटी कंबरेस खोंवण्यास प्रारंभ केला.

ते छाप नुसते जपून ठेवण्यासाठीं नव्हते. अंगणांत खडूनें रिंगण काढून मध्यें छापांची चळत ठेवीत आणि दुरून चपटा दगड मारून ती रिंगणाबाहेर उडवीत. बाहेर पडतील तितके मारणाऱ्याचे. नेहमीं दिसणाऱ्या छापाचा भाव एक, क्वचित् दिसणाऱ्याचा दहा, आणि परगांवाहून कोणी पाहुणा नवीन छाप घेऊन आला तर त्याचा भाव पंचवीसपर्यंत चढे. हा भाव कोणी ठरविला हें सांगतां येणार नाहीं, पण वाड्यांत, गल्लींत आणि शाळेंत तो सारखाच असे. गणिताच्या तासाला त्रैराशिकांत अडखळणारीं मुलें अंगणांत ह्या व्यवहारांत पैचीही चूक करीत नसत.

काड्यांचा आणखी एक खेळ नाशकानें पाहिला आहे. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेले दादासाहेब फाळके १९१३ सालीं आपला चित्रपटाचा संसार मुंबईहून नाशकास घेऊन आले, आणि १९१५ च्या सुमारास त्यांनीं ‘आगकाड्यांची मौज’ नांवाचा एक लहानसा चित्रपट केला. एक काडी किंचित् सरकवावयाची, एक चित्र घ्यावयाचें, पुन्हां सरकवावयाची, पुन्हां घ्यावयाचें. अशा चिकाटीनें त्यांनीं निर्जीव काड्यांना चालविलें. ज्या गांवांत काड्या पडद्यावर नाचल्या तेथील मुलांनीं रिकाम्या पेट्या जमविल्या तर त्यांना कोणीं हंसावें?

छापांच्या मागून तिकिटें आलीं. नाशकांत राहून तिकिटांचा नाद लागला नाहीं तर तेंच नवल. आमच्या गांवीं ‘प्रेस’ म्हटलें म्हणजे वर्तमानपत्र समजावयाचें नसतें. नाशिकरोडचा सरकारी छापखाना समजावयाचा असतो. तो १९२५ च्या सुमारास सुरू झाला. तोंपर्यंत हिंदुस्थानचीं तिकिटें लंडनची डी ला रू कंपनी छापून पाठवीत असे. १९२९ सालचीं विमानटपालाचीं तिकिटें येथलींच. आणि २१ नोव्हेंबर १९४७ रोजीं निघालेलें स्वतंत्र भारताचें पहिलें तिकीट, साडेतीन आण्यांचें, तिरंगी ध्वजाचें व ‘जय हिंद’ ह्या अक्षरांचें, तेंही येथलेंच. १५ ऑगस्ट १९४८ चीं गांधीजींचीं चार तिकिटें मात्र स्वित्झर्लंडांत छापविलीं गेलीं. जन्मभर स्वदेशीचा पुरस्कार करणाऱ्या पुरुषाचीं तिकिटें परदेशीं छापलीं जावींत, हा सल जुन्या नाशिककरांच्या बोलण्यांत अजून कधीं कधीं निघतो. नोटाही आमच्याच गांवीं छापतात. परंतु त्यांचा संग्रह करण्याचा योग शिक्षकाच्या घरीं सहसा येत नाहीं.

तिकिटाचा एक विशेष आहे. त्याच्यावर किंमत छापलेली असते आणि टपालाचा काळा शिक्का बसला कीं ती संपते. वडील माणसांच्या लेखीं तें तेथें मेलें. मुलाच्या लेखीं तें तेथून जगूं लागतें. संग्रह म्हणून जो काय आनंद आहे तो सगळा ह्या शिक्क्याच्या अलीकडे नसून पलीकडे आहे, असें माझें मत आहे. कोऱ्या तिकिटांचे गठ्ठे ‘पुढें भाव येईल’ म्हणून कपाटांत ठेवणारे गृहस्थ मीं पाहिले आहेत. ते व्यापारी असतील, संग्राहक नव्हेत. जुन्या नाण्यांचेंही असेंच. त्यांचें चलन बंद झालें म्हणजे त्यांच्याकडे विद्वानांचें लक्ष जातें. त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीस १९८० सालापासून नाणकशास्त्राची एक संशोधनसंस्था आहे. मुलांना सुटींत तेथें नेऊन नाण्यांचें संग्रहालय अवश्य दाखवावें.

१९७१ सालीं आम्ही मुलें दहा-अकरा वर्षांचीं होतों. त्या वर्षीं अजित वाडेकरांच्या संघानें प्रथम वेस्ट इंडीजांत मालिका जिंकली. तींत गावसकरांनीं चार सामन्यांत ७७४ धावा केल्या. मग २४ ऑगस्टला ओव्हलवर इंग्लंडचा पराभव झाला. चंद्रशेखरांनीं अवघ्या ३८ धावांत सहा गडी बाद केले होते. हें सगळें आम्हीं पाहिलें नाहीं, ऐकलें. रेडिओभोवतीं बसून, खरखरीमधून. डिसेंबर महिन्यांत ह्या विजयांचें वीस पैशांचें तिकीट निघालें, आमच्याच गांवीं छापलेलें. तोच बांगलादेशाच्या युद्धाचा महिना. प्रत्येक पत्रावर शरणार्थींच्या साहाय्याचें पांच पैशांचें जादा तिकीट लावावें लागे. एकाच पाकिटावर क्रिकेटचा विजय आणि निर्वासितांचें दुःख शेजारीं शेजारीं चिकटलेलें असे. माझ्या वहींत तें पाकीट तसेंच्या तसें आहे. तिकिटें सोडविलीं असतीं तर नियमाप्रमाणें झालें असतें. पण तीं एकत्रच बरीं दिसतात.

खेळाडूंच्या चित्रांत मला सर्वांत प्रिय तिकीट १९९६ सालचें आहे. त्या वर्षीं विजय मर्चंट, विनू मंकड व सी. के. नायडू यांच्याबरोबर प्रा. दि. ब. देवधर यांचें तिकीट निघालें. देवधर पुण्याच्या स. प. महाविद्यालयांत संस्कृत शिकवीत. १९२६ सालीं गिलिगनच्या विलायती संघाविरुद्ध त्यांनीं मुंबईस १४८ धावा काढल्या. त्यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें लागोपाठ दोन वर्षें, १९३९-४० व १९४०-४१ सालीं, रणजी करंडक जिंकला. आणि १८९२ सालीं जन्मून ते १९९३ सालापर्यंत जगले. रूपावली पाठ करण्यास कंटाळणाऱ्या मुलांपुढें मी हें तिकीट ठेवीत असें. लट् आणि लङ् शिकविणारा मनुष्य चौकारही मारूं शकतो, ह्यावर त्यांचा प्रथम विश्वास बसत नसे.

शाळेंत मीं ह्या नादाचा आणखी एक अवतार पाहिला. १९८७ सालीं विश्वचषकाचे सामने भारत व पाकिस्तान येथें भरले, त्या सुमारास बिग फन नांवाच्या च्युइंगगमच्या वेष्टनांतून क्रिकेटपटूंचीं चित्रें निघूं लागलीं. चित्राबरोबर धावा अथवा बळी छापलेले असत, आणि ते ठराविक संख्येनें जमविल्यास कंपनीकडून बक्षीस मिळे. मधल्या सुटींत बांकाखालीं मोठा बाजार भरे. तेथें शहरांतल्या डॉक्टरांचा मुलगा आणि शाळेच्या शिपायाचा मुलगा एकमेकांसमोर मांडी घालून बसत आणि तीन साध्या चित्रांच्या बदल्यांत कपिल देव द्यावा कीं चार घ्यावींत ह्यावर सर्व सुटी घालवीत. डॉक्टरांच्या मुलाजवळ गम विकत घेण्यास पैसे जास्त; पण शिपायाच्या मुलाजवळ घासाघीस करण्याची कला जास्त. वर्षअखेरीस पाहिलें तर दोघांचे संग्रह सारखेच भरले होते. संग्रहाचें खरें शिक्षण विनिमयांत आहे आणि विनिमयाला दुसरा माणूस लागतो. आज मुलें चित्रें दुकानांतून एकदम पाकिटेंच्या पाकिटें आणतात, संगणकावर मागवितात आणि एकटींच मोजीत बसतात. चित्रें पूर्वींपेक्षां सुबक आहेत हें मान्य.

नवरात्रांत कालिकेच्या यात्रेंत खेळण्यांचीं दुकानें मांडलेलीं असत. पिपाणी, भिंगरी, कागदी साप, टिकटिक करणारा पत्र्याचा बेडूक, ह्यांची स्मृति प्रत्येकाला असेल. मी सांगणार आहें ती पत्र्याच्या आगबोटीविषयीं. कारण ती घरांत पुष्कळांनीं चालविली असूनही ती कां चालते हें थोड्यांनाच ठाऊक असतें. तिच्या पोटांत पातळ पत्र्याची एक डबी असते, आणि तिच्यापासून निघालेल्या दोन नळ्या मागच्या बाजूस पाण्याखालीं उघडतात. डबी व नळ्या पाण्यानें भरून खालीं तेलाची वात लावली कीं डबींतल्या पाण्याची वाफ होते व ती नळ्यांतलें पाणी मागें ढकलते. वाफ पुढें गेली कीं निवते, आणि पाणी पुन्हां आंत ओढलें जातें. आतां चाणाक्ष मुलगा विचारील, जितकें बाहेर गेलें तितकेंच आंत आलें, मग बोट पुढें कां जावी? त्याचें कारण असें कीं, बाहेर पडतांना पाणी धारेनें एकाच दिशेस जातें. आंत येतांना तें नळीच्या तोंडाशीं चोहोंकडून गोळा होतें. तोंडानें फुंकून दिवा विझतो, ओढून विझत नाहीं, तोच हा प्रकार. डबीचें पातळ झांकण दर धक्क्यास खालींवर होतें आणि फटफट असा आवाज निघतो. ह्या खेळण्याचा पहिला हक्क टॉमस पिओ नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें १८९१ सालीं इंग्लंडांत नोंदविला. आमच्या घरीं ती आंघोळीच्या घंगाळांत चाले, आणि सर्व मुलांनीं मिळून आठवडाभर ताकाबरोबरचा गूळ सोडून ती घेतली होती. नातवाला मीं ती पुन्हां चालवून दाखविली. एकदां डबी गळूं लागली तेव्हां तांबटाकडून डाग देऊन घेतला. त्यानें पैसे घेतले नाहींत, पण बोट चालते कीं नाहीं हें पाहिल्याखेरीज तो आम्हांस सोडीना.

तांबटांचा विषय निघाला म्हणून भातुकलीकडे वळतों. नाशिकची तांब्यापितळेचीं भांडीं प्रसिद्ध आहेत, आणि गंगेवर स्नानास आलेला यात्रेकरू भांडीबाजारांतून जातांना मुलीसाठीं पितळेची भातुकली घेऊन जाई. चूल, जातें, पाटा-वरवंटा, बंब, घंगाळ, कळशी, परात, झारा, पळी, विळी, किसणी, शेवेचा सोऱ्या. मोठ्या स्वयंपाकघरांत जें जें आहे तें तें बोटभर उंचीचें. एक एक भांडें पाहतांना कारागिरानें कडी हलती ठेवली आहे, बंबाची तोटी उघडती ठेवली आहे, हें दिसलें म्हणजे कौतुक वाटतें. कारण न उघडणारी तोटी करणें त्यास पुष्कळ सोपें गेलें असतें.

ही भातुकली बहुधा मोडींत जाते. घराण्यांत मुली उरल्या नाहींत, सदनिकेंत जागा नाहीं, पितळ घांसावयास वेळ नाहीं. मग जुन्या घागरींबरोबर ती तराजूंत पडते. कांहीं वर्षांपूर्वीं आमचा वाडा पाडून तेथें नवी इमारत बांधावयाचें ठरलें. चार चुलत घराण्यांच्या वांटण्या झाल्या, आणि त्या तंट्यावांचून झाल्या हें आमचें भाग्य. भांडीं वजनावर वांटलीं; जीं कोणासच नकोत तीं मोडीस काढलीं. त्या ढिगांत भातुकलीची परडी होती. व्यापाऱ्यानें ती काट्यावर ठेवली. एक किलोला थोडी कमी भरली. पितळ मिश्र आहे, भाव कमी मिळेल, असें तो म्हणाला. आमची आत्या तेव्हां ऐंशीच्या घरांत होती. ती सिन्नरहून सर्वांस भेटावयास म्हणून आली होती. वांटणीच्या कागदावर तिचें नांव नव्हतें, कारण तिनें हक्कसोडपत्र फार वर्षांपूर्वींच लिहून दिलें होतें. तेंही तिनें आनंदानें दिलें असें आम्ही सर्व समजून चाललों होतों. ती उठून काट्यापाशीं आली आणि म्हणाली, “अरे, याची मोड जी काय येईल ती मी देतें. मला त्यांतलें जातें हवें.”

क्षणभर कोणाच्यानें बोलवेना. मग थोरल्या वहिनींनीं परडी काट्यावरून उचलून तिच्या मांडीवर ठेवली. आत्यानें एक एक भांडें काढून पाहिलें. किसणी कोणाची, सोऱ्या कोणत्या यात्रेंत घेतला, परातीला पोंचा कोणीं पाडला, हें सर्व तिला ठाऊक होतें. आणि ज्या बहिणींचीं तीं भांडीं होतीं त्यांपैकीं ती एकटीच उरली होती. सतराव्या वर्षीं लग्न होऊन गेली तेव्हां ती भातुकली येथेंच ठेवून गेली. सासरीं खेळणीं नेण्याची चाल नव्हती. वाड्यांत तिच्या मालकीची म्हणण्यासारखी वस्तु एवढीच होती, आणि तिचीही किंमत ती देऊं करीत होती. व्यापारी मोठा समजूतदार. त्यानें वहीवरची ती रक्कम खोडली आणि पुढच्या घागरीस हात घातला. परडी सिन्नरास गेली. तेथें आत्याची पणती त्या बंबांत पाणी तापविते आणि चुरमुऱ्यांचा भात सर्वांस वाढते. कांहीं भांडीं हरवलीं असें ऐकतों. हरवूं द्यावींत, खेळतांना हरवणें हा खेळण्याचा धर्मच आहे.

तथापि सर्वच वस्तु मुलांच्या हातीं झिजूं द्याव्या असें माझें म्हणणें नाहीं. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर, जे ‘अज्ञातवासी’ ह्या नांवानें कविता लिहीत, त्यांनीं १९२० च्या सुमारास जुन्या वस्तु जमविण्यास सुरुवात केली. चष्म्याच्या दुकानाचा गृहस्थ. पण अडकित्ते, दिवे, दउती, बाहुल्या आणि खेळणीं यांच्यासाठीं तो गांवोगांव हिंडला. राजा नांवाचा त्यांचा मुलगा लहानपणींच गेला, आणि त्याच्या नांवानें त्यांनीं संग्रहालय उभें केलें. १९७५ सालीं सुमारें वीस हजार वस्तूंचा हा संग्रह त्यांनीं महाराष्ट्र शासनास देऊन टाकला, विकला नाहीं. धाराशिव जिल्ह्यांत तेर येथें रामलिंगप्पा लामतुरे ह्या व्यापाऱ्यानेंही असेंच केलें. पावसानें पांढरीची माती धुवून निघाली कीं सातवाहनकाळच्या मातीच्या मूर्ति व मणी वर येत. ते त्यानें जन्मभर वेंचले, आणि आज तेथें त्याच्या नांवाचें शासकीय संग्रहालय आहे. ह्या दोघांनीं वस्तु डबींत बंद केल्या खऱ्या, पण त्या सर्वांनीं पाहाव्या म्हणून.

आणि सांवतवाडीकरांनीं तर याहून पुढचें केलें. गंजिफा हा पत्त्यांचा जुना खेळ. पत्ते वाटोळे, कापडाला चिंचोक्याची खळ देऊन, घोटून, वर हातानें चित्र काढून, लाखेचा हात देऊन केलेले. दशावतारी गंजिफांत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येक रंगांत राजा, वजीर व एकापासून दहापर्यंत पत्ते, म्हणजे एकूण १२० पानें. निम्म्या रंगांत राजा-वजीरांखालीं दश्शी थोर, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का थोर. हें नव्या खेळाडूच्या डोक्यांत बसावयास दोन दिवस लागतात. छापील पत्ते स्वस्त झाले तसा हा खेळ मागें पडला, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास सांवतवाडींत हे पत्ते रंगविणारीं घरें जवळजवळ उरलीं नाहींत. तेव्हां तेथील राजेसाहेब शिवरामराजे भोंसले व राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनीं उरलेल्या वृद्ध चिताऱ्याकडून ती कला स्वतः शिकून घेतली, आणि १९७० नंतर राजवाड्याच्या दरबार-दालनांतच कारागिरांना बसवून ती पुन्हां चालूं केली. कपाटांत एक जुना जोड ठेवून दिला असता तर संग्रह झाला असता. त्यांनीं हात तयार केले.

सांवतवाडीस गेलों असतां मीं तेथून एक जोड आणला. तो सजावटीचा म्हणून भिंतीवर लावावा असें घरांत एकदोघांचें मत पडलें. परंतु हा खेळ तिघांनीं खेळावयाचा, प्रत्येकास चाळीस पानें. नातू आणि मी मिळून दोन. चिरंजीवांस वेळ नसतो. सूनबाई प्रथम नको नको म्हणत होत्या. पण दिवसां रामाचा रंग पहिला आणि रात्रीं कृष्णाचा, हा नियम ऐकून त्यांना मौज वाटली, आणि भांडीं आवरून झालीं कीं हल्लीं त्या आपण होऊन चटई टाकतात. पत्त्यांच्या कडा थोड्या काळवंडूं लागल्या आहेत. नातवाच्या हिशेबानें त्यामुळें जोडाची किंमत निम्म्यानें उतरली असावी. पण परवां रात्रीं त्यानें कृष्णाचा वजीर अखेरपर्यंत दाबून ठेवून आम्हां दोघांचे हात घेतले तेव्हां तो हिशेब करण्यास त्याला सवड नव्हती.